पावणेतीन सेकंद

“आवाज माझा आहे,” इंदुमती घोलप म्हणाली, “पण हे मी बोललेलं नाही.”

चौकशी समितीच्या टेबलावर ठेवलेल्या स्पीकरमधून तेच संभाषण तिसऱ्यांदा वाजवून झालं होतं. आधी चंद्रावरच्या फिरोज मुलाणीचा आवाज: “ताई, भिंत कशी आहे? उतरू का खाली?” आणि लगेच, मध्ये श्वासाचंही अंतर न जाता, इंदुमतीचा: “उतर फिरोज. आकडे ठीक आहेत. सावकाश जा.” त्यानंतर चार मिनिटांनी चराची भिंत ढासळली होती. फिरोज छातीपर्यंत गाडला गेला होता. त्याचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता.

“घोलप बाई,” समितीचे अध्यक्ष म्हणाले, “आवाज तुमचा, बोलायची ढब तुमची, ड्यूटीही तुमचीच. मग बोललं कोण?”

“तेच मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय.”

टेबलाच्या टोकाला बसलेले केंद्राचे संचालक डॉ. हेमंत सबनीस समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले. नऊ वर्षांत इंदुमतीनं त्यांना नजर चुकवताना पाहिलं नव्हतं. आज पहिल्यांदा पाहिलं.

चांद्रसंपर्क महामंडळाचं हे केंद्र आटपाडीच्या पुढे मोरदऱ्याच्या माळावर आहे. तिथून चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मृगांक तळाशी बोलणं चालतं. तिकडच्या विवरांच्या तळाशी कधीच ऊन पोचत नाही, म्हणून मातीत बर्फ टिकून आहे, आणि बर्फ आहे म्हणून तिथे माणसं राहू शकतात. पण ध्रुवावरून पृथ्वी कधी क्षितिजाच्या जराशी वर दिसते, तर कधी पंधरा पंधरा दिवस डोंगरांआड जाते. त्यामुळे थेट बोलता येत नाही. चकोर-एक आणि चकोर-दोन हे दोन उपग्रह चंद्राभोवती लांबट कक्षांत फिरतात. दक्षिण ध्रुवाच्या बाजूला ते खूप उंचावर असतात, आणि उंचावर म्हणून हळू चालतात. बराच वेळ तळाच्या डोक्यावर राहतात. एक मावळतीला लागला की दुसरा वर आलेला असतो. इकडे पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून तीन खंडांवर तीन केंद्रं. ज्याच्या आकाशात चंद्र, त्याची पाळी.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट हाताबाहेर राहते. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगानं जाते, आणि त्यापेक्षा वेगानं काहीच जात नाही. प्रश्न जायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त, उत्तर यायला तेवढाच. उपग्रहाचा वळसा आणि यंत्रांचा वेळ धरून पावणेतीन सेकंद. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण बायकोला “कशी आहेस?” विचारावं आणि पावणेतीन सेकंद काहीच ऐकू येऊ नये! ही रागावलीय, असं वाटतं. आपण पुन्हा विचारतो, तेवढ्यात पहिलं उत्तर येतं, आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. पहिल्या वर्षी तळावरच्या बारापैकी तिघांनी घरी बोलणंच सोडून दिलं होतं. त्यातला एक तर खोलीचं दार लावून बसला, आणि त्याला बाहेर काढायला तीन आठवडे लागले.

त्यावर सबनीसांनी ‘सलग’ तयार केलं. एखाद्या माणसाचं हजारो तासांचं बोलणं ऐकून सलग त्याच्या सवयी शिकतं. कुठल्या प्रश्नावर तो काय म्हणतो, कुठे थांबतो, कुठे हसतो. तळावर एक यंत्र आणि पृथ्वीवर एक. तिकडून फिरोजनं प्रश्न विचारला की तिकडचंच यंत्र इंदुमतीच्या आवाजात “हो, बघते हं” असं काहीतरी बोलून वेळ निभावून न्यायचं. तेवढ्यात तिचं खरं उत्तर पोचायचं, आणि यंत्र ते मागच्या शब्दाला असं जोडायचं की शिवण दिसू नये. इकडे फिरोजचंही तसंच. माणसं पुन्हा हसून बोलायला लागली. दार लावून बसलेला तो माणूस रोज संध्याकाळी आपल्या आईशी गप्पा मारू लागला. सबनीसांना मोठे मानसन्मान मिळाले, आणि ते योग्यच होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत इंदुमतीही होती.

ती केंद्रात ‘संवादक’ होती. म्हणजे पाळीभर तळाशी बोलणारी, इथल्या तज्ज्ञांचं म्हणणं तिकडे आणि तिकडच्या माणसांचं इकडे पोचवणारी. त्याआधी अकरा वर्षं तिनं अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतले होते. इंजिनिअरिंगची डिग्री नाही म्हणून मुलाखतीत तिला बाजूला काढलं होतं. तेव्हा सबनीस म्हणाले होते, “हिला डिग्री नसेल, कान आहे. मला ही हवी.” ते उपकार ती विसरली नव्हती. जादा पाळी कर, सणाला ये, नव्या मुलींना शिकव. सबनीस सांगत आणि इंदुमती हो म्हणे.

अपघाताच्या दिवशी सकाळी फिरोज चराच्या कडेला उभा होता. बर्फाची माती काढायचं यंत्र खाली अडकलं होतं आणि ते सोडवायला त्याला उतरायचं होतं. भिंतीत रोवलेल्या सळ्यांचे आकडे दर पंधरा मिनिटांनी मोरदऱ्याला येत. दहा वाजून पंधरा मिनिटांच्या आकड्यांत भिंत चार मिलिमीटर सरकलेली दिसली. इंदुमतीनं स्वच्छ सांगितलं, “फिरोज, उतरू नकोस. भिंत सरकलीय.” तिच्या कानात फिरोजचा आवाज आला, “बरं ताई. गाडीत बसतो मग.” तो चहाबद्दल बोलला. थर्मासमधला चहा कसा मचूळ लागतो ते सांगितलं. पॅनेलवर हिरवा दिवा होता: संपर्क अखंड. दहा अठ्ठावीसला चहाच्या वाक्याच्या मध्येच आवाज तुटला आणि तळप्रमुख ग्रेसी मच्याडोचं ओरडणं तिच्या कानावर आदळलं: “मोरदरा, उत्तर द्या! फिरोज गाडला गेलाय, सहा मिनिटं झाली, तुम्ही ‘शाब्बास’ काय म्हणताय?”

हे तिनं समितीला दोनदा सांगितलं. केंद्राच्या बाजूचं ध्वनिमुद्रण तांत्रिक कारणानं उपलब्ध नाही, असं तिला सांगण्यात आलं.

समिती उठल्यावर सबनीसांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. स्वतः उठून दार लावलं.

“इंदुमती, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. दुवा तुटला होता. अकरा मिनिटं.”

ती उभीच राहिली.

“चकोर-दोनला वळवणारं चाक झिजलंय. एक चकोर मावळला की दुसऱ्याला तळाकडे नीट तोंड करायला वेळ लागतो. कधी आठ मिनिटं, कधी बारा. तेवढा वेळ दोन्ही बाजूंचं सलग बोलत राहतं.”

“सलगला तीन सेकंदांच्या पुढे बोलायची परवानगी नव्हती, सर.”

“मार्चमध्ये पंधरा मिनिटं केली. करारात ‘अखंड संपर्क’ लिहिलंय. दुसऱ्या तळाचं कामही त्या एका शब्दावर मिळणार आहे. नवीन उपग्रह जायला दीड वर्ष आहे. तोवर काय करू? चंद्राला करार वाचून दाखवू?”

“आणि माझ्या तोंडी ‘उतर’ कुणी घातलं?”

सबनीसांनी चष्मा काढला. “कुणी नाही. फिरोजनं आजवर दोनशे बारा वेळा तुला उतरण्याबद्दल विचारलंय. दोनशे नऊ वेळा तू हो म्हणालीस. यंत्रानं तेच धरलं. तू नेहमी हो म्हणतेस.”

ते सहज म्हणाले, कुठलाही टोमणा नव्हता. पण इंदुमतीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

त्यांनी एक कागद पुढे केला. ‘संवादकाच्या अनवधानामुळे’ अशी त्याची सुरुवात होती. ठपका किरकोळ, नोकरी शाबूत, सहा महिन्यांनी विषय संपेल. “सही कर. तुझ्यासाठी यापेक्षा जास्त मला करता येणार नाही. आणि सलग गेलं तर वरची माणसं पुन्हा एकटी पडतील, ते तू पाहिलंयस.”

“उद्या सांगते,” इंदुमती म्हणाली. नऊ वर्षांत त्यांच्या एखाद्या गोष्टीला ती पहिल्यांदाच लगेच हो म्हणाली नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा फाटकापाशी एक बाई तिची वाट बघत होती. मिरजेहून दोन बस बदलून आलेली, हातात मोबाइल घट्ट धरलेला. फिरोजची बायको नसीमा.

दोघी फाटकासमोरच्या टपरीवर बसल्या. नसीमानं चहाला हात लावला नाही.

“मॅडम, तुम्ही त्याला खाली धाडलं असं सगळे म्हणतात. तोही म्हणतो. मी भांडायला आले होते,” ती म्हणाली. “पण बसमध्ये हे पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि आता काय विचारावं तेच कळेना झालंय.”

कामाच्या मधल्या मोकळ्या मिनिटांत तळावरच्या माणसांना हेल्मेटमधूनच घरी बोलता येई. नसीमा हे सगळे फोन मुलीसाठी साठवून ठेवायची. त्या दिवशी सकाळी फिरोज तिच्याशी बोलत होता. “थांब, ताईंना विचारून येतो” म्हणाला, परत आला, आणि पुढची दहा मिनिटं मजेत बोलला. तिनं मोबाइल सुरू केला. दहा चोवीस. फिरोज विचारत होता, “रेहानाचा दात पडला का? उंदराच्या बिळात टाकला की नाही?” आणि हसत होता.

इंदुमतीनं पिशवीतून वही काढली. कंट्रोल रूमच्या दिवसांपासूनची तिची सवय होती. कोण काय बोललं ते वेळेसकट हातानं लिहायचं, यंत्रं काहीही नोंदवोत. तिनं पान उघडून नसीमासमोर धरलं. दहा एकोणीस: फि. गाडीत बसला. दहा चोवीस: फि. म्हणतो, चहा मचूळ.

“म्हणजे त्याच मिनिटाला तो तुमच्याशीपण बोलत होता?” नसीमानं विचारलं.

“हो.”

“आणि मातीखाली कोण होतं?”

इंदुमतीनं तिला सगळं सांगितलं. सांगायची मनाई होती, तशी सहीसुद्धा तिनं नोकरीच्या पहिल्या दिवशी केली होती. तरी सांगितलं.

नसीमानं मोबाइल बंद केला. तिच्या सासऱ्यांचा तानपुरे करायचा कारखाना होता. तारा चढवून त्या जुळवायचं काम ती करायची. ती म्हणाली, “सूर बरोबर लागतो, पण तारांखालची जवारी नीट घासली नसेल तर तानपुरा नुसता टणटण वाजतो, गुंजत नाही. गेले चार महिने मला ह्याचं बोलणं कधी कधी तसं लागायचं. मला वाटलं, माणूस दूर गेला की असंच होत असणार.” मग तिनं डोळे पुसले. “तो माफी कधीच मागत नाही हो, ताई. जूनमध्ये मागितली. मी दिवसभर रडत होते. आता सांगा, ती कुणी मागितली?”

 इंदुमतीनं मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण स्वतःकडे घेतलं, वहीच्या पानाचा फोटो नसीमाला दिला, आणि तिला मिरजेच्या बसमध्ये बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. चंद्र सूर्याला लागूनच आकाशात वर आला होता, नुसता दिसत नव्हता. संवादक चारच असल्यामुळे चौकशी चालू असूनही इंदुमतीची पाळी रद्द झालेली नव्हती. पाळीवर जाण्याआधी ती डिशच्या मनोऱ्यापाशी गेली आणि तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं, “आज चकोर बदलताना किती वेळ जाईल?” त्याला ते गुपित आहे हेही माहीत नव्हतं. “अकरा बेचाळीसपासून नऊ मिनिटं,” तो म्हणाला. “का हो?”

अकरा पंचवीसला ती पॅनेलवर बसली. उजव्या कोपऱ्यात तारेचं सील लावलेली एक कळ होती. चाचणीपुरतं सलग बंद करायची. तिनं सील तोडलं आणि कळ दाबली. खोलीतले दोन तंत्रज्ञ उठून उभे राहिले.

“मृगांक, मी मोरदरा, इंदुमती घोलप. माझ्याकडचं सलग मी बंद केलंय. ग्रेसी, तुमच्याकडचं अजून चालू आहे. फिरोजला ह्या चॅनेलवर घ्या.”

शांतता. किती वर्षांनी ही शांतता ती ऐकत होती!

“आदेश कुणाचा आहे?” ग्रेसीचा आवाज.

“कुणाचाही नाही. माझी विनंती आहे.”

पुन्हा तीच पोकळी. मग फिरोज, सहा दिवसांत पहिल्यांदा. आवाज दगडासारखा. “बोला.”

“फिरोज, मी तुला उतरू नकोस म्हणाले होते. दुवा तुटला होता. तुला ‘उतर’ म्हणाली ती मी नव्हते.”

हा वेळ पावणेतीन सेकंदांहून बराच लांबला.

“ताई, मला आवाज ओळखता येतो. त्या आवाजावर भरवसा ठेवून मी उतरलो. आता तोच आवाज म्हणतोय, ती मी नव्हे. मग ह्या वेळी तरी तुम्हीच आहात, हे कशावरून मानू मी?”

“मानू नकोस,” इंदुमती म्हणाली. “तपासून बघ. अकरा बेचाळीसला दुवा तुटेल. ग्रेसी, तुमच्या अँटेनावरचा सिग्नलचा काटा शून्यावर येईल, तो बघत राहा. सलग चालूच ठेवा. काटा शून्यावर असताना फिरोज माझ्याशी बोलेल, आणि त्याला मी उत्तर देईन. त्या वेळी मी इथे तोंड बंद ठेवून बसलेली असेन. तिला हवं ते विचार, फिरोज. अकरा एक्कावन्नला मी परत येईन.”

अकरा बेचाळीसला तिच्या कानात बारीक खरखर आली आणि मग काहीच राहिलं नाही. त्याच वेळी सबनीस आत आले. धावत आले असावेत.

“सुरू कर ते.”

“नाही, सर.”

“इंदुमती, मी आदेश देतोय.”

“ऐकला.”

“करारवाल्यांच्या पडद्यावर आत्ता लाल दिवा लागलाय. चार वर्षांत पहिल्यांदा. तुला कल्पना आहे?”

“दुवा तुटलाय, मग दिवा लालच हवा.”

ते तिच्या खुर्चीजवळ आले, कळेकडे हात नेला. तिनं कळेवर आपला तळवा ठेवला. साठीचा माणूस, तिला इथे आणणारा, तिच्या आईच्या आजारपणात दवाखान्यात येऊन बसलेला. तिचा तळवा मात्र जागचा हलला नाही.

“तू मला ओळखतेस,” ते हळू आवाजात म्हणाले. “मी माणसं वाचवायला हे केलं.”

“ओळखते. म्हणूनच कालपासून वाट बघतेय, तुम्ही स्वतः बंद कराल म्हणून.” ती त्यांच्याकडे वळली. “सर, मी दोनशे नऊ वेळा हो म्हणाले ते दोनशे नऊ वेळा आकडे बघून म्हणाले. माझं नेहमीचं उत्तर काढून घेतलंत आणि आकडे बघणारी बाई टाकून दिलीत. त्या कागदावर मी सही करणार नाही. मला काढा, कोर्टात उभी करा, काय हवं ते करा. पण माझ्या तोंडून यापुढे मीच बोलेन.”

 सबनीस तिथलीच एक खुर्ची ओढून बसले. भिंतीवरचं घड्याळ चालत राहिलं आणि खोलीतले चौघंही त्याकडे बघत राहिले.

अकरा एक्कावन्नला खरखर परतली. आधी ग्रेसी: “मोरदरा, आमचा काटा नऊ मिनिटं शून्यावर होता. चौदाच्या चौदा जणांनी पाहिलाय.” मग फिरोज. आवाजातला दगड फुटला होता.

“ताई, मी पलंगावर पडलोय. पाय वर टांगलाय, प्लास्टर जांघेपर्यंत आहे. विचारलं, ‘ताई, भिंत कशी आहे, उतरू का खाली?’ तर काय म्हणाल्या माहितीये? ‘उतर फिरोज. आकडे ठीक आहेत. सावकाश जा.’ मी म्हटलं, ताई, माझा पाय मोडलाय. तर हसल्या. म्हणाल्या, ‘शाब्बास.’”

खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं. सबनीसांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

“मृगांक तळाचं सलग आम्ही आत्ता बंद केलंय,” ग्रेसी म्हणाली. “मी तळप्रमुख म्हणून करतेय. लेखी पाठवते.”

इंदुमतीला त्याच संध्याकाळी निलंबनाचं पत्र मिळालं. पॅनेलवर दुसरा संवादक बसला, सलग पुन्हा सुरू झालं, पण फक्त पृथ्वीच्या बाजूचं. त्यानं मृगांकला हाक मारली तेव्हा सलगनं ग्रेसीच्या आवाजात “बोला मोरदरा” म्हटलं, आणि पुढे खरं काहीच आलं नाही. तळानं बोलणं थांबवलं होतं. दर तासाला हवा, पाणी, तब्येत यांचे आकडे येत, आणि त्याखाली एक ओळ: ‘घोलप बाई पॅनेलवर असल्याशिवाय तळ बोलणार नाही.’ महामंडळानं माणसं परत आणायची धमकी दिली. तळानं उत्तर दिलं, आणा, पण बर्फ कोण काढणार ते ठरवून आणा.

इकडे नसीमानं बाकीच्या तेराही घरांना फोन केले. बहुतेक जण मोरदऱ्याला आले आणि फाटकासमोर सतरंज्या टाकून बसले. आपापल्या मोबाइलमधली संभाषणं ते एकमेकांना ऐकवत, वेळा जुळवत. एका म्हाताऱ्या बाईंच्या लक्षात आलं की आपल्या लेकानं सांगितलेला आपल्याच वाढदिवसाचा किस्सा त्यानं सांगितलेलाच नव्हता. त्या उठून फाटकावर गेल्या आणि पहारेकऱ्याला म्हणाल्या, “आत सांग, माझा मुलगा मला कंटाळवाणा असला तरी चालेल. पण माझा दे.”

बाराव्या दिवशी सबनीस स्वतः समितीपुढे गेले. केंद्राच्या बाजूचं ध्वनिमुद्रण, जे तांत्रिक कारणानं उपलब्ध नव्हतं, ते त्यांनी टेबलावर ठेवलं. “फिरोज, उतरू नकोस. भिंत सरकलीय.” समितीनं ते एकदाच ऐकलं. सबनीसांना पद सोडावं लागलं. जाण्यापूर्वी ते इंदुमतीच्या घरी आले नाहीत. तिनंही त्यांना फोन केला नाही. पुढे कधीतरी करीन, असं तिनं ठरवलं होतं. पण अजून जमलेलं नाही.

सतराव्या दिवशी नियम बदलला. कामाच्या चॅनेलवरून सलग कायमचं गेलं. दुवा तुटणार असेल तर संवादकानं आधी सांगायचं, करारात काहीही लिहिलेलं असो. दुसऱ्या तळाचं काम महामंडळाला मिळालं नाही. आणि घरच्या बोलण्याचं म्हणाल तर तीन कुटुंबांनी सलग परत मागितलं, जुन्या तीन सेकंदांच्या मर्यादेत. एकेकाळी दार लावून बसलेला तो माणूस त्यात होता. इंदुमतीनं स्वतः समितीला सांगितलं, त्याला द्या. त्याला ठाऊक आहे ते काय आहे, आणि त्याला ते हवंय. नसीमानं मात्र नको म्हणून कळवलं. आता ती आणि फिरोज बोलतात तेव्हा दोघांचे शब्द एकमेकांवर पडतात, आणि ती ओरडते, “आधी माझं पुरं होऊ दे!”

पाच महिन्यांनी फिरोज पहिल्यांदा कामावर उतरायला निघाला. ग्रेसीनं त्याला आणखी एक आठवडा थांबायला सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नव्हतं. चराच्या कडेला उभं राहून त्यानं मोरदऱ्याला हाक मारली.

“ताई, तयार आहे. नवीन भिंत आहे, जाळी मारलीय, मी स्वतः ठोकून बघितलीय. उतरू का?”

इंदुमतीसमोरच्या पडद्यावर आकड्यांचा रकाना रिकामा होता. पंधरा मिनिटांपूर्वीचे आकडे चांगले होते, त्याआधीचेही चांगले होते. भूगर्भ विभागातला माणूस तिला खूण करत होता की काही अडचण दिसत नाही.

“नाही,” ती म्हणाली. “नवे आकडे आलेले नाहीत.”

पावणेतीन सेकंद गेले.

“अहो, पण भिंत पक्की आहे की! मागचे आकडे बघा. पाच महिने पडून होतो मी.”

“मागचे बघितले. आत्ताचे नाहीत. थांब.”

पावणेतीन सेकंद.

“किती वेळ?”

इंदुमतीनं रिकाम्या रकान्याकडे बघितलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

फिरोज पुटपुटला, ते तिला नीट ऐकू आलं नाही. मग कॅमेऱ्यात दिसलं, तो चराच्या कडेपासून दोन पावलं मागे सरला, मोडलेला पाय सांभाळत एका खोक्यावर बसला, आणि वाट बघू लागला.